ढाक्यांच्या बोर्डातली नणंद

"पडला," मालक म्हणाले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. ढाक्यांच्या ओट्यावर आम्ही जेमतेम टेकलो होतो, मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता. आत, दोन खोल्या पलीकडे, बोर्डावरचा खटका पडला तो मालकांना बाहेर बसून कळला. पाठोपाठ वैजयंतीताई दारात आल्या.

"पुन्हा गेला, सुपडूभाऊ! तीन वाजून दहा मिनिटं. रोज याच वेळेला. चार दिवस झाले, ए.सी. चालू आहे म्हणता म्हणता बंद!"

"बरं झालं," मालक म्हणाले.

"यात बरं काय झालं?"

"पेशंट डॉक्टरसमोर खोकला, ताई. एरवी डॉक्टर घरी आला की पेशंट ठणठणीत असतो."

ताईंना हसू आलं नाही. येणार कुठून? भुसावळचा मे महिना, बाहेर सेहेचाळीस डिग्री, आणि आतल्या खोलीत त्यांची आई. हृदयाचं ऑपरेशन होऊन माईंना नाशिकहून घरी आणून दहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाईंना ऊन सोसणार नाही, खोली गार ठेवा. म्हणून ताईंनी ए.सी. आणला. आमच्या गल्लीतला तो पहिलाच. आम्ही सगळे कूलरवाले. गवताच्या जाळ्यांवर पाणी मारायचं, पंख्याच्या वाऱ्यात ओलं फडकं टांगायचं, आणि जो काही गारवा मिळेल त्यात दुपार काढायची. ए.सी. बघायला शेजारच्या बायका वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने येऊन गेल्या होत्या.

मालक म्हणजे माझे यजमान, सुपडू सपकाळे, वायरमन. अर्ध्या वस्तीच्या घरांत त्यांच्या हातची वायरिंग होती, ढाक्यांच्याही. मी वेणू. मी त्यांच्याबरोबर कामावर जायला लागले त्याला त्या उन्हाळ्यात दीड वर्ष झालं होतं. लोक चेष्टा करायचे. "काय सुपडूभाऊ, घरचा हेल्पर? पगार काय देता?" मालक म्हणायचे, "पगार तीच देते मला."

खरी गोष्ट अशी होती की मालकांना दिसत नव्हतं.

काचबिंदू. आधी कडेकडेचं गेलं, मग मधलं. त्या उन्हाळ्यात त्यांना उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही. घरी येऊन मालक दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले, पेटी उचलली, म्हणाले, "हात माझे, डोळे तुझे. गावाला कळेपर्यंत चालवू." कळलं की संपलं, हे दोघांनाही माहीत होतं. आंधळ्या वायरमनला घरात कोण घेणार? आणि मालक कामाशिवाय जगणारे नव्हते. ते दोन दिवस मी बघितले होते.

म्हणून आम्ही कायकाय करायचो! रस्त्याने चालताना हत्यारांची पेटी दोघं मिळून धरायचो, एक कडी माझ्या हातात, एक त्यांच्या. बघणाऱ्याला वाटायचं, पेटी जड आहे. प्रत्यक्षात मी त्यांना घेऊन चाललेली असायची. आणि बोर्ड उघडला की मी सासरच्या गप्पा काढायची.

लाल वायर म्हणजे थोरली जाऊ. सगळा जोर तिच्यात, तिला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काळी म्हणजे सासू, घरातलं सगळं फिरून तिच्याकडेच परत जातं. आणि हिरवी, जमिनीत गेलेली, ती नणंद. एरवी घरात आहे की नाही कळत नाही, पण काही बिघडलं की पहिली धावून येते. मी म्हणायची, "थोरली आज उजवीकडं बसलीये हो, सासू जरा सैल वाटते." मालक हात घालायचे आणि सासूचा स्क्रू आवळायचे. घरवाले मनात म्हणत असतील, काय ही बाई, नवरा काम करतोय आणि हिच्या तोंडाचा पट्टा चालूच.

त्या दिवशी आत गेलो. माई पलंगावर डोळे मिटून होत्या. खोलीत अजून गारवा होता, पण कोपऱ्याकोपऱ्यातून उकाडा शिरायला लागला होता. तेवढ्यात मागच्या दारातून ढाके अप्पा आले, खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत. अप्पा म्हणजे ताईंचे वडील. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, कोळशाच्या इंजिनांच्या जमान्यातले. वय सत्तर, पण चाल अशी की अजून ड्यूटीवर निघालेत.

"आला का रे सुपडू? बघ भो, काय रोग आहे याले."

मी मेन बंद केला, बोर्ड उघडला. "थोरली घट्ट आहे हो. सासूपण. नणंद आपली खाली, जागच्या जागी."

मालकांनी तिघींवरून बोटं फिरवली. तो खटका त्यांनीच बसवलेला होता. साधा नव्हे. वायरीतला करंट भलतीकडे जराजरी पाझरला तरी पडणारा. ए.सी. आला तेव्हा त्यांनी हट्टाने तोच लावला होता.

"बोर्डात काही नाही," ते म्हणाले.

"ते मलाही माहीत आहे," ताई म्हणाल्या. "काल सकाळी कंपनीचा माणूस येऊन गेला. दोन तास मशीन चालवून बघितली, एकदा नाही पडला. हे लिहून दिलंय त्याने. वाचा ना."

कागद मालकांच्या पुढे आला. मालकांना तो दिसला नाही, पण फडफडला तो कळला. त्यांनी घेतला, हातात थोडा वेळ धरला, आणि माझ्याकडे दिला. "तू बघ. माझा चष्मा घरी राहिला."

मी कागद धरला. मला अक्षर ओळखता येत नव्हतं. मी मुलगी, त्यातून सात भावंडांत थोरली, शाळेची पायरी कशी दिसते तेही मला माहीत नव्हतं. मी कागदाकडे बघत राहिले. घाम पाठीवरून खाली चालला. ताई बघत होत्या.

"आण व इकडे," अप्पांनी माझ्या हातातून कागद घेतला. "या पोरांचं अक्षर म्हणजे कोंबडी नाचली. मीच वाचतो. काय म्हणते... मशीनमध्ये दोष नाही. घरातला खटका फार नाजूक आहे, उगाच पडतो. तो काढून मोठ्या ताकदीचा साधा खटका बसवावा. झालं."

"ऐकलंत?" ताई म्हणाल्या. "मग बसवा ना मोठा. मी सामान आणून ठेवलंय."

"नाही बसवणार," मालक म्हणाले.

"म्हणजे?"

"खटका उगाच पडत नसतो, ताई. आपल्याला दिसत नाही असं काहीतरी त्याला दिसतं. त्याचेच डोळे काढून काय मिळवायचं?"

ताई हळू आवाजात, पण स्पष्ट म्हणाल्या, "सुपडूभाऊ, राग मानू नका. तुम्ही आल्यापासून एकदाही बोर्डाकडे बघितलं नाही. तोंड खिडकीकडे, हात बोर्डात. मी उभी आहे केव्हाची, मला दिसतंय."

मी पेटीतली पक्कड उगाच शोधायला लागले.

"मी ऐकतो, ताई," मालक म्हणाले. "बघण्यापेक्षा ऐकण्यात जास्त कळतं."

"मग उद्यापर्यंत ऐका. माझी रजा परवा संपते. उद्या दुपारी पुन्हा पडला तर दुसऱ्या माणसाकडून मोठा बसवून घेईन. आणि तेही नाही जमलं तर रविवारच्या गाडीने माईला नाशिकला घेऊन जाईन. कायमची."

पलंगावर माईंनी डोळे उघडले, अप्पांकडे बघितलं, पुन्हा मिटले. अप्पा नाशिकला जाणार नव्हते, सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंच्या तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्रभर एकही गाडी वाजत नाही म्हणून ऑपरेशनच्या वेळी त्यांना तिथं झोपच आली नव्हती.

मागच्या अंगणात, भिंतीवरच्या लोखंडी घोडीवर ए.सी.चा बाहेरचा डबा बसवलेला होता, छातीएवढ्या उंचीवर. समोर पश्चिमेचं ऊन, खाली फरशी तापून तव्यासारखी. पायाला चटके बसत होते. मी डब्याच्या बाजूचं झाकण चाचपलं. "खालचा एक स्क्रूच नाही हो," मी म्हटलं. मालकांनी फटीतून बोट आत घातलं, हिरव्या वायरीच्या टोकाला लावलं, आणि ते बोट नाकाशी नेलं.

संध्याकाळी पेटीच्या दोन कड्या धरून घरी निघालो तेव्हा मी म्हटलं, "काय वास घेतलात?"

"नळाच्या पाण्याचा."

"एवढ्या उन्हात? तिथं नळ कुठाय?"

"तेच म्हणतो मी. वरवर कोरडं झालं होतं, पण आत नणंदेचे पाय ओले होते. पाणी सुकलं की मशीन बरी. सकाळी येणाऱ्याला काय सापडणार?"

"मग झाकण लावून टाकलं असतं. मिटलं असतं."

"आणि पाणी? ते कुठून येतंय कळलं नाही तर ते उद्या दुसरीकडून शिरेल. तोवर खटका राखण करतोय." चार पावलं चालून ते म्हणाले, "वेणू, ताईला कळलंय का गं?"

"नाही," मी म्हटलं. "संशय आहे."

"संशय म्हणजे अर्धं कळलंच."



शनिवारी दोन वाजताच जाऊन बसलो. ताईंनी बोर्डासमोर खुर्ची टाकली होती. मालक मधल्या बोळात, पाटावर, भिंतीला पाठ लावून. मी त्यांच्या शेजारी. आत माईंची खोली गार, ए.सी. एका सुरात चालू. सगळ्या गल्लीत चिटपाखरू नाही. कुणाच्या तरी गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातले होते, त्याचा आंबूस वास वाऱ्याबरोबर येत होता. ताईंची मान दोनदा खाली गेली, तिसऱ्यांदा गेली ती वर आली नाही. बिचारी रात्र रात्र आईपाशी जागत होती.

तीनला थोडा वेळ असेल. मालकांनी माझ्या मनगटाला बोट लावलं.

"कुणीतरी अनवाणी गेलं," ते कानात म्हणाले. "मागच्या दाराने. बादलीची कडी वाजली. तू जा. चप्पल काढून."

मी भिंतीभिंतीने गेले. मागचं दार लोटलेलं होतं. फटीतून बघितलं आणि तशीच उभी राहिले.

ढाके अप्पा त्या तापल्या फरशीवर अनवाणी उभे होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पायाशी दोन बादल्या. हातात पितळी तांब्या. बाहेरच्या डब्यावर ते धार धरत होते, वरून, बाजूने, झाकणाच्या फटीवरून, आणि त्याच्याशी बोलत होते.

"पी माय, पी. लई तापली तू. माझ्या बाईले गार ठेवते आणि सोता जळते. पी."

आत बोर्डावर खटका पडला असणार. डब्यातला पंखा घरघरत थांबला.

"बस, दमली," अप्पा म्हणाले. "कर आराम जरा."

मी दार उघडलं. अप्पा दचकले. तांब्या छातीशी धरून माझ्याकडे बघायला लागले, एखाद्या पोराला गुळाच्या डब्यापाशी पकडावं तसे.

"अप्पा, हे काय?"

"हळू बोल व. वैजू उठेल." त्यांनी मला जवळ बोलावलं. "हात लावून बघ किती तापते ती. तुमची मशीन खोलीतली सगळी आग इथं आणून टाकते. कंपनीवाल्याले विचारलं, याले पाणी किती लागते? तो हसला. म्हणे काका, याले पाणी लागत नाही. अरे, चौतीस वर्षं इंजिन चालवलं मी. तापल्या लोखंडाले पाणी लागत नाही म्हणणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पाहिला!"

"रोज घालता?"

"मंगळवारी एक बादली दिली, तर बंद पडली. म्हटलं कमी पडलं. बुधवारी दीड दिली. परवापासून दोन."

मला हसू यायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही. "अप्पा," मी म्हटलं, "ती पाण्यानेच बंद पडते. झाकणातून पाणी आत जातं, म्हणून खटका पडतो."

अप्पांनी डब्याकडे बघितलं. बादल्यांकडे बघितलं. मग हळूच तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे मीच?"

मी बादल्या उचलून बाजूला ठेवल्या.

"मीच तिले नाशिकला धाडतोय?" ते भिंतीला टेकले. "वेणू, वैजूले सांगू नको. ती आधीच म्हणते, अप्पांना आता कळत नाही, माईला त्यांच्या भरवशावर कसं ठेवू? हे ऐकलं तर आजच घेऊन जाईल."

दारात मालक उभे होते, चौकटीवर हात ठेवून. भिंत चाचपत आले होते. सगळं ऐकलं असावं.

"अप्पा, पाय पुसा आणि जरा वेळाने आत या," ते म्हणाले. "मी बोलतो ताईशी. वेणू, चल."

ताई खुर्चीतून उठलेल्या, लाल डोळ्यांनी बोर्डाकडे बघत. "पडला ना? तीन वाजून पाच मिनिटं. आता मी ऐकणार नाही."

"सापडलं, ताई," मालक म्हणाले. "बाहेरच्या डब्यात जिथं वायरी जोडल्यात तिथलं झाकण सैल आहे. पाणी शिरतं. दहा मिनिटांचं काम. पक्कं करून देतो, पुन्हा पडणार नाही."

"पाणी? कुठलं पाणी?"

"गच्चीवरच्या टाकीचं. दुपारी नळ येतो, टाकी भरून वाहते, ते थेट मशीनवर ओघळतं."

खोटं मालकांना कधी नीट जमलं नाही. पण हे त्यांनी असं सहज सांगितलं की मीसुद्धा मनात मान डोलावली. त्या टाकीचा पंप दहा वर्षांपूर्वी त्यांनीच जोडला होता. टाकी मागच्या भिंतीच्या बरोबर वर होती.

ताईंच्या कपाळाला आठी पडली.

"सुपडूभाऊ, ती टाकी मागच्या दिवाळीत हलवली आम्ही. आता रस्त्याच्या बाजूला आहे. मागच्या भिंतीवर काही नाही, नुसतं आकाश आहे." त्या एक पाऊल पुढे आल्या. "काल तुम्ही तिथं अर्धा तास उभे होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

मी कितीतरी वेळा मनात ठरवून ठेवलं होतं की कुणी असं विचारलं तर काय सांगायचं. चष्मा, ऊन, डोळ्यात धूळ. पण मी बोलायच्या आत मालकांनी तोंड आवाजाच्या दिशेने वळवलं. त्यांचे ओठ हलले. ते खरं सांगणार आहेत हे मला कळलं. दीड वर्ष धरून ठेवलेली पेटी हातातून सुटावी तसं झालं मला.

"त्याला कशाला विचारते?" मागून आवाज आला. "पाणी मी घालतो."

अप्पा बोळाच्या तोंडाशी उभे होते. पाय पुसलेले नव्हते. मागच्या दारापासून फरशीवर ओल्या पावलांची ओळ उमटली होती. एका हातात तांब्या तसाच.

"रोज घालतो. मशीन तापते म्हणून. दोन बादल्या. तुम्ही झोपलेल्या असता तेव्हा. या दोघांना आज कळलं. मी सांगू नका म्हटलं, म्हणून सुपडूने टाकीचं नाव घेतलं. झालं? आता काय न्यायचं ते ने."

ताई वडिलांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्यांच्या पायांकडे बघत होत्या.

"अप्पा, तुम्ही अनवाणी होतात? ओल्या पायांनी? चालू मशीनला तांब्या लावून?"

"चप्पल वाजते ना. तुझी माय उठते."

ताई हळूहळू खुर्चीत बसल्या. टेबलावर त्यांनी आणून ठेवलेला तो मोठा खटका होता, खोक्यातून बाहेरसुद्धा न काढलेला. त्यांनी तो उचलला, बघितला, परत ठेवला. मला वाटतं त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं, तरी त्यांनी मालकांना विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हा बसवला असता तर?"

मालकांना ते सांगायचं नव्हतं. "जाऊ द्या, ताई."

"सांगा."

"डब्यात पाणी गेलं की करंट पत्र्यात उतरतो. नणंद... हिरवी वायर बरीच ओढून घेते. पण एवढ्या पाण्यात तिचंही किती चालणार? मोठा खटका वाट बघत बसतो. हा आहे तो लगेच पडतो. माणूस पडायच्या आधी."

पाच दिवस, रोज दुपारी, त्या खटक्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या होत्या.

ताई उठल्या आणि त्यांनी अप्पांच्या हातातला तांब्या घेतला. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी आपल्या ओढणीने वडिलांचे हात पुसायला घेतले. एक एक बोट. अप्पा मान खाली घालून उभे.

"मला म्हणालात का नाही, मशीन तापते म्हणून?"

"तू म्हटली असती, अप्पा, तुम्हाला कळत नाही."

"कळत नाहीच तुम्हाला!" ताई म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

आतून माईंचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "म्हणजे हा बिडी ओढायला जात नव्हता?"

"काय?"

"रोज तीनला चप्पल वाजायची बंद व्हायची. मी म्हटलं, चोरून बिडी ओढतो मागे. ऑपरेशन माझं झालं, मी काही बोलले नाही, म्हटलं ओढू दे बिचारा, काळजीत आहे. आणि हा यंत्राला पाणी पाजतो! मला एक पेला द्यायचा तर चार हाका माराव्या लागतात!"

पहिले मालक हसले. मग ताई, रडत रडतच. अप्पा तेवढे हसले नाहीत. ते खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुला पाणी पाहिजे का आता?"

आम्ही तासाभरात काम केलं. वायरींची टोकं कोरडी करून, कापून, नव्याने जोडली. झाकणाला नवा स्क्रू, कडेला रबर. नणंदेची गाठ मालकांनी दोनदा आवळली. मग मशीन लावली. चार वाजले, पाच वाजले, सहा. खटका जागचा हलला नाही.

ताईंनी चहा केला. सगळ्यांचे कप त्यांनी टेबलावर ठेवले. मालकांचा नाही. मालकांपाशी येऊन, त्यांचा हात हळूच उचलून, कप त्यांच्या हातात दिला. बशीची कड बोटांना लागेपर्यंत सोडला नाही. "गरम आहे, सुपडूभाऊ," एवढंच म्हणाल्या. तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही. रविवारी त्या नाशिकला गेल्या, एकट्याच.

आम्ही निघालो तेव्हा अप्पा फाटकापर्यंत आले. पेटीची एक कडी माझ्या हातात, एक मालकांच्या. अप्पांनी ते बघितलं.

"सुपडू, इंजिनवर एकट्याने सिग्नल वाचायचा नसतो, माहीत आहे?" ते म्हणाले. "दोघांनी मोठ्याने म्हणायचा. फायरमन ओरडतो, हिरवा! ड्रायव्हर ओरडतो, हिरवा! मगच गाडी पुढे. चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या तोंडून सिग्नल ऐकला."

मालक थांबले. "कधीपासून माहीत आहे, अप्पा?"

"मागच्या दिवाळीपासून. आकाशकंदिलाची वायर लावायला आलास तेव्हा तू भलत्याच भिंतीला विचारत होतास, वायर कुठून घेऊ."

"तरी बोलावलंत?"

"तुझी बायको सिग्नल चांगला ओरडते," अप्पा म्हणाले, आणि फाटक लावून आत गेले.

मालकांनी त्यानंतर नऊ वर्षं काम केलं. ढाक्यांकडचं सगळं, आणि ढाक्यांनी सांगितलेल्या कितीतरी घरांतलं.

माझं अक्षरही त्याच उन्हाळ्यातलं. माईंनी मला सोमवारी बोलावून घेतलं. पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "वेणू, तुझी सासू तुझ्या लग्नाआधीच गेली. नणंद तुला नाहीच. मग माझ्या बोर्डात या कोण बसल्यात?" मी सगळं सांगून टाकलं. त्या छातीला उशी धरून हसल्या, टाके दुखतील म्हणून. मग म्हणाल्या, "शुक्रवारी कागद धरलास तेव्हा तुझे डोळे एका जागी होते. वाचणाऱ्याचे फिरतात. डोळे तुझे आहेत ना? मग पुरते असू देत. रोज तीनला येत जा. अप्पा तसाही त्या वेळी मोकळा झालाय आता."

मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. त्या गार खोलीत, ज्या वेळी खटका पडायचा त्या वेळी, पाटी मांडीवर घेऊन बसायची. अप्पा खडू कापून द्यायचे. दोन महिन्यांनी मला स्वतःच्या हाताने काही लिहावंसं वाटलं. मी चिकटपट्टीचे तीन तुकडे घेतले, त्यावर लिहिलं आणि ढाक्यांच्या बोर्डात तिन्ही वायरींना लावून आले. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "माझं नाव नाही लिहिलंस?" मी म्हटलं, "तुम्हाला कुठं दाबायचं ते माहीत आहे मला, चिठ्ठी कशाला?"

आता मालक नाहीत, अप्पा-माईही नाहीत. घरात वैजयंतीताई असतात, निवृत्त होऊन आल्या. मागच्या महिन्यात त्यांनी नवा बोर्ड बसवायला एका वायरमनला बोलावलं आणि मला फोन केला, "वेणूताई, तुम्ही या, तुमच्यासमोरच उघडू दे." मी गेले. त्याने झाकण काढलं आणि बघतच राहिला.

"काकू, हे कुणी लिहिलंय? लाल वायरीवर थोरली, काळीवर सासू. आणि हिरवीवर 'नणंद'! ही पट्टी काढून टाकू ना?"

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी पुढे होऊन बघितलं. अक्षर वाकडं होतं, 'ण' उलटा पडलेला, पण वाचता येत होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "घट्ट आहे का तेवढं बघ."